सीआय हिरवं दिसतंय म्हणून खूश होऊ नका: या चुका टाळा

गिटहब अ‍ॅक्शन्स (कोड पुश झाला की टेस्ट आपोआप चालवणारी गिटहबची सीआय सोय) लावायचं म्हटलं की नवीन मंडळी आधी दुसऱ्या कुठल्यातरी रिपॉझिटरीतली यामल फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, उचलून आणतात. त्यात पायथनचं व्हर्जन 3.10 अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की यामल त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि उरतं 3.1. मग 'व्हर्जन सापडत नाही'चा स्क्रीनशॉट ग्रुपवर. अवतरणचिन्हं घाला, विषय संपला.

माझा खरा राग आहे तो री-रनच्या बटणावर. टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास; लॉग न वाचता पुन्हा चालवली, हिरवी झाली, की कोड मुख्य शाखेत मर्ज! आमच्या तारखांच्या लायब्ररीत हे कित्येक महिने चाललं. डोंबिवलीचा एक मुलगा ऑफिस, लोकल, जेवण उरकून रात्री एकनंतर कोड पुश करायचा आणि त्याचा बिल्ड हमखास लाल. सकाळी कोणीतरी री-रन दाबलं की हिरवा. सगळ्यांनी त्या टेस्टला फ्लेकी, म्हणजे उगाच कधी पास कधी नापास होणारी, ठरवून टाकलं होतं. शेवटी लॉग उघडला, तर अपेक्षित तारीख आणि आलेली तारीख यांत बरोबर एका दिवसाचा फरक. लायब्ररी 'आज' भारतीय वेळेनं काढत होती, टेस्ट मशीनच्या घड्याळाला विचारत होती, आणि गिटहबच्या मशीनवर वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे अजून कालचाच दिवस असतो. दिवसा पुश करणाऱ्याला हे दिसणारच नाही, स्वतःच्या लॅपटॉपवर तर नाहीच नाही.

तेव्हापासून टेस्टमध्ये मी घड्याळाला विचारतच नाही. फंक्शनला वेळ बाहेरून देतो आणि रात्री दोनची एक केस ठेवतोच. री-रन करायचंय? आधी लाल का झालं ते पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मर्ज करायची विनंती) लिहा. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

एकमेकींवर अवलंबून असलेल्या लायब्ररी सांभाळत असाल तर फक्त रिलीज झालेल्या व्हर्जनवर टेस्ट चालवून भागत नाही. जून 2024 मध्ये पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं, नमपायचं, 2.0 आलं, तेव्हा जुन्या नमपायवर बिल्ड केलेली सी एक्स्टेन्शन्स (सी भाषेत लिहिलेले जोडभाग) त्यावर चालेनात. नाइटली बिल्डवर, म्हणजे रिलीजआधीच्या रोजच्या कच्च्या बिल्डवर, टेस्ट करणाऱ्यांना याची चाहूल आधीच लागली होती. मी दोन जॉब ठेवतो: रिलीजवरचा, जो मर्ज अडवतो; आणि डिपेन्डन्सीच्या (ज्या लायब्ररीवर आपण अवलंबून आहोत तिच्या) मेन ब्रँचवरचा रात्रीचा, जो अडवत नाही, फक्त बोंब मारतो. आणि 'किमान अमुक व्हर्जन हवं' असं मेटाडेटात ठोकून देता, तर त्या व्हर्जनवर एकदा तरी चालवून बघा ना!

मॅट्रिक्समध्ये, म्हणजे एकच टेस्ट अनेक व्हर्जनांवर आणि सिस्टिमवर चालवता तिथे, फेल-फास्ट बंद करा, नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात आणि विंडोजवर काय झालं ते कळत नाही.

दुसऱ्यांनी लिहिलेली तयार अ‍ॅक्शन वापरताना तिच्या टॅगवर (व्हर्जनच्या नावावर) विसंबू नका. मार्च 2025 मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या अ‍ॅक्शनचे टॅग कोणीतरी घातक कमिटकडे वळवले आणि वापरणाऱ्यांची सीक्रेट्स (पासवर्ड, टोकन) लॉगमध्ये छापली गेली. टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश, म्हणजे त्या कमिटचा न बदलणारा लांबलचक क्रमांक, लिहा. दिसायला गलिच्छ दिसतं, दिसू दे.

रात्रीच्या जॉबची क्रॉनची (ठरावीक वेळी आपोआप चालवायच्या वेळापत्रकाची) वेळसुद्धा डीफॉल्टनं यूटीसीतच धरली जाते. शिवाय पब्लिक रिपॉझिटरीत 60 दिवस काही हालचाल नसेल तर गिटहब तो शेड्यूल बंद करून टाकतं. बंद पडलेला जॉब लाल दिसत नाही, म्हणून शेवटचा रन कधीचा आहे ते अधूनमधून उघडून बघत जा.