चित्र बघताना या चुका टाळा, कोल्हापूरकरांनी तर नक्कीच

परवा शाहू स्मारकला एक प्रदर्शन होतं. तिथं तासभर बसून होतो आणि चित्रं बघून झाल्यावर येणारी माणसं बघत होतो. आत येतात, डावीकडनं सुरुवात, भिंत धरून चालत चालत एक फेरी, दोन सेल्फी, वहीत 'खूप छान, शुभेच्छा' आणि सात मिनिटांत परत दसरा चौकात. चित्रं चाळीस होती, म्हणजे एका चित्राला जेमतेम दहा सेकंद. आणि ही तीच माणसं आहेत बरं का, जी खासबागेच्या कुस्ती मैदानात बसली की डाव पडायच्या आधी सांगतात आता हा ढाक लावणार, आणि तांबड्या रश्श्याचा एक घोट घेतला की सांगतात मसाला आज नीट भाजला नाही. नजर पण तयार, जीभ पण तयार. मग चित्रासमोर आलं की "आपल्याला काय त्यातलं कळत नाही बाबा" असं का म्हणतोय आपण? मला वाटतं कारण एवढंच की कुस्ती आपण लहानपणापासनं तासन्‌तास बघितलेली असते, शेजारी कोणतरी जाणता बसून बोलत असतोय, आणि चित्र आपण बघतच नाही, नुसतं त्याच्यासमोरनं जातो.

म्हणून पहिली चूक हीच, पळत बघणं. सगळी चाळीस बघायलाच पाहिजेत असा काही नियम नाही. एक फेरी पटकन मारा, जिथं पाय आपोआप थांबले ती तीन चित्रं लक्षात ठेवा आणि मग फक्त त्या तिन्हींकडं परत जा, प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. पाच मिनिटं म्हणजे लई वेळ वाटतो, करायचं काय तेवढ्यात? आधी लांबनं बघा, चित्राच्या कर्णाच्या साधारण दीडपट-दुप्पट अंतरावरनं. डोळे किलकिले करा, बारकावे पुसट होतात आणि फक्त उजेड आणि अंधार उरतो, तो नीट बसलेला असेल तर चित्र तसंही उभं राहतं आणि बसला नसेल तर कितीही बारीक काम केलेलं असू दे, सगळं सपाट दिसतंय. मग बघा नजर पहिल्यांदा कुठं गेली, तिथनं कुठं सरकली, कुठं अडली. त्यानंतर जवळ जा, ब्रश कसा फिरलाय बघा, कुठली कड कापल्यासारखी धारदार आहे आणि कुठली शेजारच्या रंगात विरघळून गेलीय. परत मागं या. हे मागं-पुढं करणं महत्त्वाचं, कारण जवळनं जे नुसते फटकारे दिसत होते ते मागं आल्यावर अचानक पाणी होतंय, आणि ते होताना बघण्यातच खरी मजा आहे.

"अगदी फोटोसारखं आहे!"

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी स्वतः ती कितीतरी वर्षं केली, कारण शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देताना डोक्यात एकच बसलं होतं, समोर मांडलेला तांब्या तसाच्या तसा आला पाहिजे. तो अभ्यास हवाच, हात त्यानंच तयार होतो, पण तो सुरुवातीचा टप्पा आहे, तालमीत जोर-बैठका असतात तसा. जोर-बैठका म्हणजे कुस्ती नव्हे.

कोल्हापुरात हे समजायला लांब जायला नको. बाबूराव पेंटर हे चित्रकार, आणि त्याच माणसानं इथं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. कॅमेरा काय करू शकतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी ते रंगवत राहिले, मूर्तिकाम करत राहिले. म्हणजे नक्कल सोडून चित्रात दुसरं काहीतरी होतं, जे कॅमेऱ्यानं भागत नव्हतं. ते दुसरं काय, हे बघायला एक उपाय सांगतो, मी केलाय. आबालाल रहिमान यांनी रंकाळा तलाव, संध्यामठ हा परिसर रंगवलाय. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेला माणूस, पुढं शाहू महाराजांच्या दरबाराचा चित्रकार, १९३१ साली गेले. त्यांचं एखादं निसर्गचित्र आधी टाऊन हॉलच्या म्युझियमला जाऊन बघा आणि मग संध्याकाळी रंकाळ्यावर जावा, संध्यामठाचा मोबाईलवर फोटो काढा. फोटोत सगळं येतंय, खांब, पाणी, मागची झाडं, लाईटचे पोल, सगळं सारख्याच महत्त्वाचं. चित्रकारानं मात्र निवडलेलं असतं. काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठला रंग एक पट्टी चढवायचा, आणि दिवसातली नेमकी कुठली वेळ धरायची. चित्र चांगलं का वाईट हे बहुतेक वेळा या निवडीत ठरतं. फोटोग्राफर पण निवड करतोच, चांगला असेल तर, त्यामुळं फोटोला कमी लेखायचं नाहीये मला, फक्त 'हुबेहूब' ही एकच पट्टी घेऊन चित्र मोजायला जाऊ नका.

आधी पाटी वाचणं

नाव मोठं असलं की चित्र चांगलं वाटायला लागतं, किंमत मोठी असली की अजून चांगलं. 'ग्लो ऑफ होप' माहितीय ना, हातात दिवा घेतलेली बाई, बोटांतनं लालसर उजेड येतोय. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधे आहे. कित्येक जण ते राजा रविवर्मांचं म्हणूनच फॉरवर्ड करतात. ते आहे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, १९४० च्या दशकातलं, आणि रविवर्मा तर १९०६ मधेच वारले. आणि मला जास्त वाईट याचं वाटतं की नाव चुकतं त्यात माध्यम पण हरवतं, कारण रविवर्मांचं म्हटलं की लोक ते ऑइल, म्हणजे तैलरंगातलं समजतात, प्रत्यक्षात ते जलरंगात आहे! जलरंगात तो उजेड आणायचा म्हणजे कागदाचा पांढरा आधीपासनं जपून ठेवायचा असतो, कारण पारदर्शक जलरंगात उजेड कागदातनंच येतो, वरनं पांढरा लावून नाही. एकदा गडद झालं की मागं फिरता येत नाही फारसं. ऑइलमधे वाळल्यावर वरनं परत रंगवता येतं, उजेड शेवटी ठेवता येतो. म्हणून दोन्हीकडं एकाच नजरेनं बघायचं नाही. जलरंग बघताना शोधा कोरा कागद कुठं कुठं सोडलाय, ते कळलं की चित्रकाराची छाती कळते.

तर पाटी शेवटी वाचा. आधी चित्र.

"हे तर माझं पोरगं पण काढेल"

अमूर्त चित्रासमोर, म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू-माणूस काही दिसत नाही अशा चित्रासमोर, हे वाक्य हमखास. आणि मग पुढचा प्रश्न, याचा अर्थ काय? आता बघा, एवढे मोठे गवई अल्लादिया खाँसाहेब याच गावात राहिले, देवल क्लबात गाण्याच्या बैठका अजून होतात, आणि तिथं आलाप चालू असताना कुणी शेजारच्याला विचारत नाही की याचा अर्थ काय म्हणून. सूर लागला का, जागा भरली का, समेवर आलं का, एवढं बघतो आपण आणि डोलतो. रंगांचं तसंच आहे. अमूर्त चित्रं काढणारे वा. सु. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग पसरायच्या पात्यानं) रंगाचे थर चढवायचे, परत काढायचे, त्या थरांतनं उजेड झिरपल्यासारखा वाटतोय. २०१३ मधे मुंबईच्या एका लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं तेव्हा सगळीकडं किमतीचीच चर्चा, चित्राची कमी.

पण म्हणून भिंतीवरचं प्रत्येक अमूर्त चित्र चांगलं असतंय असं अजिबात नाही. मी काय करतो सांगतो. चित्राचा एखादा भाग हातानं झाकून बघतो. बाकीचं चित्र लंगडं झालं तर तो भाग विचार करून ठेवलेला आहे, काहीच फरक पडला नाही तर शंका येते. दुसरं, त्याच चित्रकाराची चार-पाच चित्रं एकत्र बघतो. काहीतरी शोधत चाललाय का एकच युक्ती परत परत वापरतोय, हे कळतं, जरा वेळ लागतो पण कळतं.

आवडलं नाही आणि चांगलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा घोळ सगळ्यांचा होतो. मला स्वतःला फार गडद, उदास व्यक्तिचित्रं घरात नको वाटतात, पण त्यातल्या एखाद्याचे डोळे असे रंगवलेले असतात की मान्यच करावं लागतं. तुम्हाला न आवडायचा पूर्ण हक्क आहे, फक्त "का नाही आवडलं" एवढं एक वाक्य स्वतःला सांगून बघा. उलटंही होतं, एखादं साधंच चित्र गावाच्या आठवणीनं आवडतं, त्यात पण लाजायचं काही नाही.

पोस्टरला आणि बोर्डाला हलकं समजणं ही पण चूकच, कोल्हापुरात तर फारच. बाबूराव आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. जी. कांबळे सिनेमाची पोस्टरं करायचे आणि शिवछत्रपतींचं शासनमान्य चित्र त्यांच्याच हातचं.

मोबाईलवर बघून मत बनवू नका. स्क्रीनवर सगळी चित्रं एका मापाची होतात, 'मोनालिसा' फक्त ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे हे प्रत्यक्ष बघणाऱ्यांनाच जाणवतं, आणि ऑइलच्या रंगाची जाडी तर फोटोत येतच नाही.

चित्रकार समोर असला तर "किती वेळ लागला?" आणि "केवढ्याला?" याच्यापुढं जरा जावा. "हा कोपरा रिकामा का सोडला?" विचारा, "आधी काय रंगवलं?" विचारा. माणूस खुलतो. मला एकदा एकानं अर्धा तास फक्त ओल्या कागदावर ढग कसा पसरू द्यायचा ते सांगितलं होतं.

विकत घेतलंत तर दोनच गोष्टी. जलरंगाच्या चित्राला माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड कागदाची चौकट, लावून घ्या म्हणजे कागद काचेला चिकटणार नाही, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीला लावू नका, आपल्याकडं जुलैत बुरशी धरायला वेळ लागत नाही. ऊन थेट पडतं तिथं पण नको, रंग उडतात.

त्या प्रदर्शनात आई पण होती माझ्याबरोबर. मी सगळ्या भिंती फिरून आलो तरी ती एकाच चित्रापुढं, उसाचं रान, बांधावरनं जाणारी वाट, माणूस कुणी नाही. मी तिला कंपोझिशन, म्हणजे चित्राची मांडणी, वगैरे सांगायला लागलो, वाट कशी नजर आत नेते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाऊस नुकताच येऊन गेलाय बघ. वाट काळी पडलीय आणि पाला जड झालाय." मी परत बघितलं. थेंब कुठंच रंगवलेला नव्हता, ढग पण नव्हता. वाट मात्र ओली होती.