रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातली ब्राँझ नाणी: या चुका टाळा

इ.स. 294 च्या सुमारास सम्राट डायोक्लेशनने चलन नव्याने बसवले तेव्हा चांदीचा पातळ मुलामा दिलेले मोठे ब्राँझ नाणे साधारण 10 ग्रॅमचे होते. 336 उजाडेपर्यंत घसरत घसरत ते पावणेदोन ग्रॅमच्या आत आले. जेमतेम 15 मिमीच्या चकतीवर राजाचे नाव, पदवी, घोषवाक्य, टांकसाळ आणि तिची कार्यशाळा, सगळे कोंबलेले. ओळख पटवणारी माहिती कडेला आणि तळाला असते, नवशिक्याचे लक्ष मात्र मधल्या चेहऱ्यावर. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चेहऱ्यावरून राजा ठरवणे

चौथ्या शतकातले चेहरे ठरीव साच्यातले आहेत. सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि त्याची तीन मुले नाकाडोळ्यांवरून वेगळी करता येत नाहीत. शिवाय नावेही सारखी: कॉन्स्टन्टिनुस, कॉन्स्टन्टिउस, कॉन्स्टन्स. झिजलेल्या नाण्यावर पहिली सात अक्षरे दिसली तर तिघेही शक्य आहेत. तेव्हा लेखाचे शेपूट वाचा. 'कॉन्स्टन्टिनुस'पुढे 'माक्स आउग' असेल तर बाप, 'इउन नोब सी' (धाकटा, युवराज) असेल तर मुलगा. 'नोब सी' म्हणजे सीझर, 'आउग' म्हणजे सम्राट.

शेपूट झिजले असेल तर डोक्याकडे बघा. मोत्यांचा किंवा फुलांचा पट्टा सम्राटाचा, 330 च्या दशकातल्या सीझरांना बहुधा लॉरेलच्या पानांची माळ. 351 नंतर उघडे डोके दिसले तर कॉन्स्टन्टिउस गॅलस (351–354) किंवा सीझर असतानाचा जूलियन (355–360) आधी डोक्यात यावा. 'कॉन्स्टन्टिउस' वाचले आणि डोके उघडे आहे, असे नाणे विक्रेते सर्रास कॉन्स्टन्टाइनच्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या कॉन्स्टन्टिउसच्या, नावावर विकतात. ते गॅलसचे असते, कारण सम्राट झालेला कॉन्स्टन्टिउस पट्ट्याशिवाय नसतो.

निशाणे न मोजणे

'ग्लोरिया एक्झेरकितुस' (सैन्याचे वैभव) ही छाप घ्या. दोन सैनिक, मध्ये निशाण. निशाणे दोन असतील तर 330 ते 335, व्यास 17–18 मिमी, वजन सव्वादोन ते अडीच ग्रॅम. निशाण एकच असेल तर 335 ते 341, व्यास 15 मिमीच्या आसपास, वजन दीड-पावणेदोन ग्रॅम. छाप झिजली तर दोन काठ्यांची एक दिसू शकते, म्हणून काट्याला विचारायचे. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा दागिन्यांचा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर, एवढ्यावर निम्मे वाद मिटतात. अर्थात एकट्या वजनावरही विसंबू नका. त्या काळी टांकसाळ ठरावीक धातूतून ठरावीक संख्येने नाणी पाडत असे, एकेक नाणे तोलत नसे.

'फेल तेम्प रेपारातिओ' (सुखाचे दिवस परतले) या छापेचे दोन नाणेसंच शेजारी ठेवले तर हेच दिसते. 348 मध्ये ती सुरू झाली तेव्हा घोड्यावरून कोसळणारा शत्रू चांगल्या 4–5 ग्रॅमच्या नाण्यावर होता. दहा वर्षांत तोच शत्रू दोन-अडीच ग्रॅमच्या चकतीवर येऊन पोचला. अक्षरे ओबडधोबड आणि व्यास 10–12 मिमी असेल तर ते त्याच काळातले अनधिकृत अनुकरण असण्याची शक्यता मोठी. त्याला 'नकली' म्हणून फेकू नका. सुट्ट्या पैशांची टंचाई पडली की लोकांनी स्वतःच नाणी पाडली, आणि तो पुरावा अस्सल नाण्याइतकाच मोलाचा आहे.

टांकसाळीची खूण अर्धवट वाचणे

मागच्या बाजूला आडव्या रेषेखाली जी तीन-पाच अक्षरे असतात त्यात टांकसाळ आणि कार्यशाळा दोन्ही असतात. सर्वांत महागात पडणारी गफलत 'कॉन्स्ट'ची. हे दिसले की कॉन्स्टन्टिनोपल, असा समज आहे. पण फ्रान्समधल्या आर्लचे नाव 328 मध्ये कॉन्स्टन्टिना झाले आणि तिथल्या नाण्यांवर 'पी-कॉन्स्ट', 'एस-कॉन्स्ट' असे येते. कार्यशाळेचे लॅटिन अक्षर (प्रिमा म्हणजे पहिली, सेकुंदा म्हणजे दुसरी) आधी आले तर आर्ल. 'कॉन्स' आधी आणि मागे ग्रीक अक्षर (आल्फा, बीटा, गॅमा) आले तर कॉन्स्टन्टिनोपल. पूर्वेच्या बहुतेक टांकसाळी ग्रीक आकडे वापरतात, त्यामुळे तिथला डेल्टा म्हणजे चौथी कार्यशाळा.

'टी'चा सापळा दुसरा. 'टी-आर' म्हणजे ट्रिअर, 'टी-एस' म्हणजे थेसालोनिकी, आणि 'पी-टी', 'एस-टी', 'टी-टी' म्हणजे तिकिनुम, आजचे इटलीतले पाविया. ती टांकसाळ 326 मध्ये बंद पडली, म्हणून 330 नंतरच्या छापेवर 'एस-टी' वाचले असेल तर खूण अर्धवट वाचली आहे असे धरा. 'एस-एम-के'तला 'के' किझिकोसचा, कारण शहराचे नाव मुळात ग्रीक.

अक्षरे दिसत नसतील तर नाणे घासू नका, दिवा हलवा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नाण्याच्या पातळीला टेकवून, जवळजवळ आडवा धरा आणि नाणे सावकाश फिरवा. 10 पट भिंगातून उरलेल्या खुणांच्या सावल्या दिसतात. मोबाइलने चार कोनांतून फोटो काढून ते एकमेकांशी ताडले तर न वाचता येणारे 'पी' किंवा 'आर' बरेचदा सुटते.

चिंच, लिंबू आणि तारेचा ब्रश

तांब्या-पितळेची भांडी आंबट घालून लख्ख करणारे हात या नाण्यांना लागू देऊ नका. आम्ल नाण्यावर काळाने चढलेला थर तर खातेच, पण थराच्या आतच बारीक अक्षरे आणि उरलासुरला चांदीचा मुलामा असतो. थर गेला की उरतो गुलाबी, खरवडलेला तुकडा. इलेक्ट्रोलिसिसचेही तेच. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवण्याचा सल्ला अजून फिरतो. त्यातली मुक्त आम्ले थर हळूहळू खातात आणि तेलाचा पडदा मागे राहतो.

सुरक्षित वाट कंटाळवाणी आहे. काचेच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे, आठवडाभर तरी. नंतर मऊ नायलॉनचा ब्रश आणि बांबूची टोकदार काडी, भिंगाखाली. माती सुटत नसेल तर पाणी आणखी आठवडाभर. नळाचे पाणी नको, त्यातले क्लोराइड पुढे सांगितलेल्या ब्राँझच्या रोगाला खाद्य देते.

हिरवा थर आणि हिरवी भुकटी यांत गल्लत

फिकट पोपटी, पिठासारखी, काडी लावताच गळणारी भुकटी म्हणजे ब्राँझचा रोग. कडक, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे निरोगी नाणे. आतल्या क्लोराइडला ओलावा आणि हवा मिळाली की आम्ल तयार होते, ते तांबे खाते आणि पुन्हा क्लोराइड बनते. चक्र थांबत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांपुढे जाते, त्यामुळे नाणी उघड्या कपाटात ठेवणे हीच मोठी चूक. हवाबंद डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटे आर्द्रतामापक ठेवा, आकडा 40 च्या खाली असावा. संशय आला की ते नाणे लगेच वेगळे काढा.

उपचार: 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 24 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 19 ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे साधारण 5 टक्के द्रावण. आठवड्याला द्रावण बदला. काही आठवडे ते काही महिने लागतात आणि थराचा रंग थोडा बदलू शकतो. मग डिस्टिल्ड पाण्यात भरपूर धुऊन, पूर्ण वाळवून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हात द्या. कपडे धुण्याचा सुगंधी सोडा यात घालू नका.

मऊ, वासाचे प्लास्टिक पाकीटही शत्रूच. पीव्हीसीतून सुटणारे आम्ल नाण्यावर हिरवा चिकट लेप चढवते. ॲसिटोनने तो निघतो (खिडकी उघडी, भांडे काचेचे, आग लांब). नंतर पॉलिएस्टरचे पाकीट वापरा.

सुंदर वाळूच्या मोहात पडणे

खोलगट भागात भुरकट वाळू आणि वर काळी अक्षरे, असे 'वाळवंटी' नाणे फोटोत देखणे दिसते. खरा वाळवंटी थर असतो, पण विकाऊ मालात बराचसा डिंकाने माती चिकटवून केलेला. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा. रंग किंवा माती सुटली तर पैसे परत मागा. ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खड्डे दिसतात.

'नदीतून निघालेले' नाणे

तमिळनाडूत करूर आणि मदुरै परिसरात आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी भरपूर मिळाली आहेत. श्रीलंकेत त्यांची स्थानिक अनुकरणेही आढळतात. म्हणून भारतातल्या बाजारात अशी नाणी फिरतात, आणि विक्रेता अभिमानाने नदीपात्राचे नाव सांगतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक मोलाचे गाडलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशात राहणाऱ्यांनी सुट्टीत संग्रह दाखवायला म्हणून नाणी सोबत आणली तर परतताना विमानतळावर अडचण होऊ शकते. घेतलेल्या प्रत्येक नाण्यासोबत विक्रेत्याची पावती, खरेदीची तारीख, वजन, व्यास आणि वाचलेली खूण एका चिठ्ठीवर लिहून पाकिटातच ठेवा.