कारखान्यात कोणता प्रोटोकॉल घ्यावा? आधी वेळेचा हिशेब मांडा

‘आता इथरनेटच घ्या, मॉडबस जुना झाला.’ नवीन पॅनेलचं काम निघालं की हा सल्ला कुणीतरी देतंच, आणि तो चुकीचा आहे. प्रोटोकॉल म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. मॉडबस ही त्यातली 1979 ची, हे खरं. पण आजही बाजारातले बहुतेक एनर्जी मीटर, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह आणि टेंपरेचर कंट्रोलर त्याच भाषेत बोलतात. प्रोटोकॉल किती जुना हे बघू नका. माहिती किती उशिरा पोचली तर चालेल, हे बघा.

1. यादी करा. प्रत्येक उपकरणापुढे तीन गोष्टी लिहा: त्यात कोणता पोर्ट आहे, किती आकडे वाचायचे आहेत आणि किती उशीर खपेल. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात. तो टेबलावर बसून भरू नका, मशीनवरच्या ऑपरेटरला विचारून भरा.

2. एका फेरीला, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकदा विचारून व्हायला, किती वेळ लागतो ते काढा. मी इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आरएस-485 वरच्या (सगळ्यांच्या सामायिक केबलवरच्या) मॉडबस आरटीयूमध्ये मास्टर, म्हणजे विचारणारं मुख्य उपकरण, एकेकाला विचारतो. एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याचा नंबर लागत नाही. 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) एका बाइटचे अकरा बिट धरले, तर एक बाइट जायला सुमारे 1.15 मिलिसेकंद लागतात. मीटरची 20 रजिस्टरं (आकडे ठेवायचे कप्पे) वाचायला प्रश्न 8 बाइटचा आणि उत्तर 45 बाइटचं, म्हणजे तारेवर 61 मिलिसेकंद. मीटरला उत्तर तयार करायला 50 धरा (खरा आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा), मधल्या शांततेचे 8. एका मीटरला साधारण 120 मिलिसेकंद झाले. 30 मीटरची फेरी 3.6 सेकंदांची. दर पंधरा मिनिटांनी युनिट नोंदवायचे असतील तर हे भरपूर आहे.

हा हिशेब सगळी उपकरणं जिवंत असतानाचा. एक मीटर बंद पडला, टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मर्यादा) 1 सेकंद आणि प्रयत्न तीन असतील, तर प्रत्येक फेरीत 3 सेकंद त्या मुक्या मीटरपुढे वाट बघण्यात जातात.

एका कामात मी पाण्याच्या टाकीची पातळी मीटरच्याच केबलवर घेतली, 31 वं उपकरण म्हणून. तार वाचली म्हणून बरं वाटलं. काही महिन्यांनी देखभालीसाठी दोन फीडर (वीज नेणाऱ्या लाइन) बंद केले, त्यावरचे दोन मीटर अंधारात गेले आणि चार सेकंदांची फेरी दहाच्या घरात गेली. टाकी भरल्याचं पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) कळेपर्यंत पाणी काठावरून वाहून केबलच्या चरात उतरलं होतं. मी दोन दिवस नॉइज (केबलमधला विजेचा अडथळा) शोधत होतो, शिल्डचं अर्थिंग बदलत होतो. केबल ठीक होती, प्रोटोकॉलही ठीक होता. मी बंद मीटरचा वेळ मोजलाच नव्हता.

तेव्हापासून पातळी, दाब, मोटरचा ट्रिप अशा गोष्टी मी सरळ 4-20 मिलिअँपिअरने (मापाप्रमाणे कमी-जास्त होणारा प्रवाह) किंवा साध्या चालू-बंद संपर्काने पीएलसीत घेतो. प्रत्येक सिग्नल प्रोटोकॉलवर नेलाच पाहिजे असं नाही. बाकीच्यांसाठी टाइमआउट 200-300 मिलिसेकंदांवर आणा (सगळ्यात संथ उपकरण बघून), पुन्हा विचारणं एकदाच ठेवा आणि मेलेल्या उपकरणाला मिनिटातून एकदाच विचारा. नुसता बॉड रेट 19200 करून भागत नाही: तारेवरचा वेळ अर्धा होतो, मीटरचे 50 तसेच राहतात. 120 चे 60 होत नाहीत, 85 होतात. आणि टाइमआउट तर तेवढाच.

3. आता निवडा. सेकंदांचा उशीर चालतो तिथे मॉडबस आरटीयू. अंतर जास्त, उपकरणं पसरलेली, इथरनेट आधीच आहे, तर त्यावरचं मॉडबस टीसीपी. त्यात पासवर्ड नसतो, म्हणून ते नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा.

पीएलसी ते ड्राइव्ह किंवा दूरचे इनपुट-आउटपुट यांत मिलिसेकंदांचा मामला असेल, तर पीएलसीच्या घरचा प्रोटोकॉल घ्या: सीमेन्सला प्रोफिनेट, ॲलन-ब्रॅडलीला इथरनेट/आयपी, मित्सुबिशीला सीसी-लिंक. स्वस्त ड्राइव्हसाठी मध्ये गेटवे (दोन प्रोटोकॉलमधला दुभाषी) घालू नका. वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात, कारण दोष कुणाचा हे ठरवायलाच दिवस लागतो.

अनेक सर्व्हो (नेमक्या जागी फिरणाऱ्या मोटरी) एका तालात फिरवायचे असतील तर इथरकॅट किंवा प्रोफिनेट आयआरटी. प्रोसेस ट्रान्समीटरला (दाब, पातळी मोजून पाठवणाऱ्या उपकरणाला) हार्ट: 4-20 च्या त्याच दोन तारांवर, पण वेग 1200 बिट प्रतिसेकंद, म्हणून फक्त सेटिंग आणि निदानासाठी. वर सर्व्हरकडे न्यायचं असेल तर ओपीसी यूए किंवा एमक्यूटीटी. एमक्यूटीटी 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनची माहिती उपग्रहावरून आणण्यासाठी जन्मलं, त्यामुळे कमकुवत नेटवर्कवरही तग धरतं. मशीन थांबवायचा आदेश मात्र त्यावरून कधीही देऊ नका. इमर्जन्सी स्टॉप वेगळ्या तारेनेच, नाहीतर प्रमाणित सेफ्टी प्रोटोकॉलने.

4. आरएस-485 ची केबल. एकापुढे एक अशी साखळी, फाटे नकोत, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर.

5. रजिस्टर तपासा. मॅन्युअलमध्ये 40001 लिहिलेलं असतं, तारेवर तो पत्ता 0 असतो. दशांशातला आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो आणि त्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. म्हणून आधी व्होल्टेज वाचा. 230 च्या आसपास काही आलं तरच पुढे जा.

6. सोपवण्याआधी चाचणी. सगळं सुरळीत चालत असताना दोन उपकरणांची वीज मुद्दाम काढा. घड्याळ लावून बघा, उरलेल्यांचे आकडे किती वेळाने बदलतात. तो वेळ पहिल्या पायरीतल्या तिसऱ्या रकान्याशी ताडून बघा. जास्त असेल तर दुसऱ्या पायरीवर परत या, सही घेऊ नका.