पट्टेरी होस्टा घेताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक हवामानाकडे डोळेझाक करण्याची. होस्टा म्हणजे शोभेच्या पानांसाठी लावलं जाणारं थंड हवेचं झाड; त्याला हिवाळ्यात पानं गाळून काही आठवडे ४-५ अंशांच्या थंडीत विश्रांती लागते. कोल्हापुरात जानेवारीतलं सरासरी किमान तापमानसुद्धा १४-१५ अंशांच्या आसपास. मग पहिल्या वर्षी डौलदार दिसलेलं झाड पुढे बारकी पानं काढतं आणि खंगत जातं. खत वाढवून यात फरक पडत नाही.

तरीही घ्यायचंच असेल, तर नाव नीट विचारा. चिठ्ठीवर नुसतं 'व्हेरिगेटेड (म्हणजे पट्टेरी) होस्टा' लिहिलं असेल तर ते वाणाचं नाव नाही. 'पेट्रियट' आणि 'मिनिटमन' हे दोन्ही वाण 'फ्रॅन्सी' या वाणापासून निघाले. दोघांचं पान गडद हिरवं, कडा पांढरी. फोटोवरून ओळखायला जाल तर फसाल. मूळ वाण माहीत असण्याचा मोठा उपयोग आहे. मधोमध पिवळं पान असलेल्या 'जून' या वाणात अख्ख्या निळसर पानांचा फुटवा आला, की समजायचं, झाड आपल्या मूळ 'हॅल्सियन'कडे परत चाललंय. असा फुटवा जोमदार असतो, पट्टेरी फुटव्यांना दाबून टाकतो. नुसती पानं खुडू नका, गड्ड्याच्या तुकड्यासकट काढा.

ऑनलाइन मिळणारं 'पट्टेरी होस्टाचं बी' तर घेऊच नका. 'जून'च्या बियांतून 'जून' येत नाही; गड्डा विभागूनच तो वाण टिकतो.

आता सगळ्यात घातक चूक: रोगाला शोभा समजणं. होस्टा व्हायरस एक्स हा विषाणू १९९६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात ओळखला गेला. त्याची लागण झालेली झाडं 'ब्रेकडान्स', 'लुनसी', 'लेपर्ड फ्रॉग' अशा नावांनी नवे वाण म्हणून चक्क विकली गेली होती! पान उजेडात धरून बघा. खऱ्या पट्ट्याची हद्द बहुधा स्वच्छ असते. विषाणूचा रंग टीपकागदावर शाई फुटावी तसा शिरांच्या कडेनं पसरतो, आणि तिथलं पान चुरगळल्यासारखं होतं. यावर औषध नाही. झाड मुळासकट नष्ट करा आणि कात्री-खुरपं धुऊन निर्जंतुक करा, कारण लागण रसातून होते.

आपल्या बाल्कनीत पट्टेरी पानच हवं असेल, तर पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट 'लॉरेंटी' लावा. फक्त त्याचं पान कापून रोप करू नका, पिवळी कड जाते. मुळाशी आलेलं पिल्लू वेगळं करून लावा.