नवा इंटरनॅशनल रूट आणि त्यासाठी विमान निवडताना या चुका टाळा

एखादी एअरलाइन नवा इंटरनॅशनल रूट जाहीर करते तेव्हा आपल्याला दिसते नकाशावरची एक वाकडी रेघ, दोन शहरांची नावं आणि बाजूला विमानाचा फोटो. त्या रेघेमागे काय काय जुळवावं लागतं हे मी बरीच वर्षं जवळून बघतोय, एव्हिएशन शिकणाऱ्या मुलांचे रूट प्लॅनही तपासतो, आणि एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे प्लॅन चांगल्या दिवसावर बेतलेला असतो. वारा सरासरी, विमान वेळेवर, आकाश मोकळं, ८५ टक्के सीट भरलेल्या. पण रूट रोज उडवायचा असतो, जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारीही, जेव्हा समोरून जोराचा वारा असतो आणि निम्मं विमान रिकामं असतं. त्या मंगळवारी गणित टिकतं का हे आधी बघायचं. ते न बघितल्यामुळे होणाऱ्या चुका खाली लिहितोय.

ब्रोशरमधली रेंज खरी धरणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कंपनी सांगते विमान १४,००० किलोमीटर जातं, आपला रूट १३,२०० चा आहे, म्हणजे झालं काम. नाही होत. प्रत्येक विमानाचं टेकऑफचं कमाल वजन ठरलेलं असतं आणि त्या एकाच आकड्यात रिकामं विमान, माणसं, बॅगा, कार्गो आणि इंधन असं सगळं बसवायचं असतं. अंतर वाढलं की इंधन वाढतं, इंधन वाढलं की बाकीच्याला कात्री लागते. आधी कार्गो उतरतो, मग सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात. त्यातही जास्तीचं इंधन घेतलं की त्यातलं बरंचसं स्वतःचंच वजन वाहून नेण्यात जळतं, म्हणून शेवटचे हजार किलोमीटर पहिल्या हजारापेक्षा कितीतरी महाग पडतात.

शिवाय अंतर हे जमिनीवरचं असतं, विमान हवेत उडतं. उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे जाताना हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोराचा वारा, समोरून येते आणि तोच रूट तासाभराने, कधी त्याहूनही जास्त लांबतो. त्यामुळे रेंज तपासायची ती हिवाळ्यातल्या वाईट वाऱ्याला, पूर्ण भरलेल्या विमानाला आणि पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन धरून.

आणि विमानतळाची उंची अजिबात विसरू नका. अदिस अबाबाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरपेक्षा वर आहे. तिथे हवा विरळ, म्हणजे पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, मग पूर्ण इंधन भरून उठता येत नाही. म्हणून इथिओपियन एअरलाइन्सची वॉशिंग्टनला जाणारी फ्लाइट वर्षानुवर्षं वाटेत इंधनासाठी थांबत आलीय, कधी डब्लिनला तर कधी टोगोतल्या लोमेला, पण येताना वॉशिंग्टनहून तेच विमान थेट अदिसला येतं कारण वॉशिंग्टन समुद्रसपाटीजवळ आहे. विमान तेच, शहरं तीच, फक्त उठायची जागा बदलली. हे उदाहरण मी प्रत्येक बॅचला देतो कारण रेंज म्हणजे काय ते यात एका झटक्यात कळतं.

लांबच्या रूटला ज्यांनी हे नीट ओळखलं त्यांनी सीटच कमी ठेवल्या. क्वांटासने मार्च २०१८ मध्ये पर्थ ते लंडन थेट फ्लाइट चालू केली, साधारण १४,५०० किलोमीटर, आणि त्यासाठीच्या बोइंग ७८७-९ मध्ये २३६ सीट ठेवल्या. याच विमानात २९० च्या आसपास सीट सहज बसतात. म्हणजे पन्नासेक सीट त्यांनी सुरुवातीपासूनच सोडून दिल्या आणि उरलेल्यांकडून त्या थेट प्रवासाचे जास्त पैसे घेतले.

विमान पोचतं म्हणून रूट परवडतो असं समजणं

सिंगापूर ते नेवार्क या रूटची गोष्ट बघा. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये एअरबस ए३४०-५०० घेऊन तो चालू केला, चार इंजिनं, १८१ सीट. विमान पोचत होतं, अडचण इंधनाच्या बिलाची होती. २००८ मध्ये सगळं विमान बिझनेस क्लास केलं, फक्त १०० सीट, तरी २०१३ मध्ये रूट बंद करावा लागला. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये तोच रूट परत आला, या वेळी दोन इंजिनांचं, खूप लांबच्या प्रवासासाठीचं ए३५०-९००यूएलआर, १६१ सीट, बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी, साधी इकॉनॉमी नाहीच. मधल्या पाच वर्षांत दोन्ही शहरं होती तिथेच होती, मधे बदललं ते विमान. माझं स्पष्ट मत आहे की कधीकधी रूट चुकीचा नसतो, त्याचं विमान अजून आलेलं नसतं, आणि अशा वेळी थांबणं हाच धंद्याचा निर्णय असतो.

सीटमागचा खर्च बघून मोठं विमान घेणं

यात भलेभले फसलेत. समजा मोठं विमान ३०० सीटचं, एका फेरीचा खर्च १ लाख डॉलर, म्हणजे सीटमागे ३३३. लहान विमान १८० सीटचं, फेरीचा खर्च ६५ हजार, सीटमागे ३६१. कागदावर मोठं जिंकलं. आता तो जानेवारीतला मंगळवार आणा, प्रवासी आले १६५. मोठ्या विमानात माणशी खर्च झाला ६०६ डॉलर, लहान विमानात ३९४. सीटमागचा खर्च रिकाम्या सीटलाही मोजतो पण रिकामी सीट तिकीट काढत नाही. आणि मग मोठं विमान भरायला स्वस्त तिकिटं काढली जातात, ज्यांनी तसेही पूर्ण पैसे दिले असते तेही स्वस्तात जातात, आणि लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या सीटचं प्रमाण, ९० टक्के असूनही रूट तोट्यात का हा प्रश्न मीटिंगमध्ये येतो.

एअरबसच्या दुमजली ए३८० चं हेच झालं. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला पहिलं विमान मिळालं, २०२१ मध्ये शेवटचं एमिरेट्सला गेलं, एकूण डिलिव्हरी २५१, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सची. एमिरेट्सला ते जमलं कारण दुबईत जगभरातून ठरावीक वेळांना प्रवासी एकत्र येतात आणि पुढे वाटले जातात, शिवाय लंडनच्या हीथ्रोसारख्या ठिकाणी जादा फ्लाइटला जागाच नसते, तिथे एका फेरीत जास्त माणसं नेणं हाच मार्ग. ज्यांच्याकडे असं हब, म्हणजे प्रवासी एकत्र आणणारं मुख्य विमानतळ, नव्हतं त्यांना ते भरता भरता नाकी नऊ आले, एअर फ्रान्सने तर २०२० मध्ये आपली सगळी ए३८० कायमची काढून टाकली, पहिलं येऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. आता उलट्या बाजूला ए३२१एक्सएलआर आलंय, एकाच मार्गिकेचं विमान पण सुमारे ८,७०० किलोमीटर रेंजचं. आयबेरियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते माद्रिद-बॉस्टनला लावलं. मध्यम मागणीचा नवा रूट आजमावायला असं विमान बरं, चुकलं तरी चूक लहान राहते. पण त्यात कार्गोला जागा फार नसते हेही लक्षात ठेवा, कारण काही रूटवर पोटातला माल हाच नफा असतो.

घड्याळ मांडून न बघणं

प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, रोज एक फ्लाइट, विमान एक. इथेच मी प्लॅन परत पाठवतो. कागद घ्या आणि हबच्या वेळेने मांडा. रात्री १ ला निघालं, जाताना १५ तास, दुपारी ४ ला पोचलं. अडीच तास जमिनीवर, साडेसहाला परत निघालं, येताना साडेतेरा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला हबला. पण दुसऱ्या दिवशीची रात्री १ ची फ्लाइट तर सात तास आधीच सुटायला हवी होती! म्हणजे रोजच्या एका फ्लाइटला दोन विमानं लागतात, आणि ८ ला आलेलं विमान पुढच्या रात्री १ पर्यंत १७ तास नुसतं उभं. या १७ तासांचं काय करायचं यावर रूटचा नफा ठरतो. पाच तासांच्या शहराला जाऊन परत येणारी फेरी बसवता येते, साडेदहाला सोडली तर रात्री १० ला परत. छान वाटतं. पण मग मधे दोन तास उशीर झाला की रात्रीची लांबची फ्लाइट धरून बसते, त्यातले पुढचे कनेक्शन चुकतात, क्रूची ड्युटी मर्यादा संपते आणि एका लहान फेरीने मोठ्या फेरीचं नुकसान होतं. म्हणून मोकळा वेळ थोडा ठेवायचाच.

वेळ निवडताना पलीकडच्या विमानतळाचे रात्रीचे निर्बंधही बघा. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५, सिडनीला रात्री ११ ते सकाळी ६. हबवरच्या सोयीची वेळ तिकडे बंद दारावर जाऊन पडते असं बऱ्याचदा होतं.

परवानग्या आणि स्लॉट नंतर बघू म्हणणं

१९४४ च्या शिकागो परिषदेपासून व्यवस्था अशी आहे की कुठल्या देशाची विमानं कुठे उतरणार हे बहुतेक वेळा दोन देशांच्या करारावर ठरतं, कुठे आठवड्याच्या फेऱ्या मोजतात, कुठे सीट. कोटा संपलेला असेल तर विमान घेऊन काय करणार? हक्क मिळाला तरी गर्दीच्या विमानतळावर स्लॉट, म्हणजे उतरायची किंवा उठायची ठरलेली वेळ, वेगळा मिळवावा लागतो, उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी चालू होतं पण त्याचे अर्ज पाच-सहा महिने आधी गेलेले असतात. मिळालेला स्लॉट निदान ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या वर्षी तो हातचा जातो. हीथ्रोवरच्या स्लॉटच्या एका जोडीसाठी (उतरायचा एक, उठायचा एक) ओमान एअरने २०१६ मध्ये ७.५ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, यावरून काय ते समजा.

तसंच ईटॉप्सचं. दोन इंजिनांचं विमान जवळच्या विमानतळापासून किती मिनिटं लांब जाऊ शकतं याची ती मंजुरी. ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची आहे पण ती विमानाची झाली, एअरलाइनला स्वतःचा मेंटेनन्स आणि ट्रेनिंग दाखवून ती वेगळी मिळवावी लागते.

दोनच वेगळी विमानं ताफ्यात आणणं

एका रूटसाठी अगदी योग्य म्हणून नव्या जातीची दोन विमानं आणली की त्यांच्यासाठी वेगळे पायलट, वेगळे सुटे भाग, वेगळे ट्रेनिंगचे तास, आणि एक बिघडलं की निम्मं वेळापत्रक कोसळतं. थोडं कमी योग्य पण ताफ्यात आधीपासून असलेलं विमान बहुतेक वेळा बरं. ए३३० आणि ए३५० चे पायलट एकमेकांत वापरता येतात, ७७७ आणि ७८७ चेही, याचा विचार ऑर्डर देताना व्हायला हवा.

इंजिनाचाही विचार वेगळा करा. नॉर्वेजियनने ७८७ घेऊन स्वस्तात अटलांटिक पार करायचं ठरवलं, पण त्यांच्या रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनांना तपासणीसाठी सारखं उतरवावं लागलं, ऑगस्ट २०१८ मध्ये तर लंडन-न्यूयॉर्कला भाड्याचं ए३८० क्रूसकट आणून उडवावं लागलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी लांबचे रूट सोडूनच दिले. कोविड होता हे खरंच, पण मुळातच हाताशी मोकळं विमान नव्हतं. ए३२०निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनातल्या धातूच्या पावडरचा दोष २०२३ मध्ये बाहेर आला तेव्हाही जगभर शेकडो विमानं उभी राहिली. नव्या इंजिनाची पहिली काही वर्षं धोक्याची धरूनच स्पेअर ठरवा. डिलिव्हरीच्या तारखेवरही विसंबू नका, बोइंगचं ७७७एक्स २०२० मध्ये येणार होतं, ते आता २०२७ वर गेलंय.

आकाश कायम मोकळं राहील असं धरणं

फिनएअरचा सगळा प्लॅन एका भूगोलावर उभा होता. हेलसिंकीहून रशियावरून आशिया सगळ्यात जवळ, टोकियो साधारण साडेनऊ तास. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तीच फ्लाइट उत्तर ध्रुवाकडून फिरून सुमारे १३ तासांची झाली. मघाशी मांडलेलं घड्याळ आठवा, साडेतीन तास एका बाजूला वाढले की विमानांची संख्याच बदलते. त्यांनी पुढे दोहाकडे फ्लाइट वळवल्या, दोन ए३३० क्वांटासला भाड्याने दिली, आणि सावरले. प्लॅन करताना प्रत्येक रूटसाठी एक वळसा आधीच मोजून ठेवा, त्या वळशाने वजन आणि विमानांची संख्या किती बदलते ते लिहून ठेवा.

रूट चालू झालाय आणि तोटा होतोय, तर

आधी लोड फॅक्टर बघू नका, प्रत्येक सीट-किलोमीटरमागे (एक सीट एक किलोमीटर नेली की एक) किती उत्पन्न येतं ते बघा. सीट भरलेल्या आणि उत्पन्न कमी असेल तर विमान मोठं आहे किंवा कनेक्शनचे स्वस्त प्रवासी थेट जाणाऱ्यांची जागा खातायत. सीट रिकाम्या आणि भाडं चांगलं असेल तर बहुतेक वेळ चुकलेली असते, किंवा तिकडच्या शहरात कोणी विकतच नाहीये, कारण कंपनी स्वतःच्या देशात जोरात विकते आणि दुसऱ्या टोकाला ऑफिसही नसतं. आठवड्याला तीनच फ्लाइट असतील तर बिझनेसवाला येणारच नाही, त्याला बुधवारी परतायचं असतं आणि फ्लाइट गुरुवारी असते. हिवाळ्यात किती वेळा माल किंवा माणसं खाली ठेवून उडावं लागलं याची नोंद काढा, ही नोंद ऑपरेशन्सकडे असते आणि प्लॅनिंगवाल्यांपर्यंत पोचतच नाही. आणि बंद करायचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका, नव्या रूटला जम बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. पण सुरुवातीलाच एक आकडा लिहून ठेवा की दुसऱ्या हिवाळ्यात उत्पन्न याच्या खाली राहिलं तर विमान दुसरीकडे लावायचं, आणि ते कुठे लावायचं त्या रूटचं नावही त्याच कागदावर लिहा.