नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल : भरवसा आणि नेम कसा तपासावा

कॉलेजात एनसीसीला असताना ज्या पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या, रायफलवर पहिल्यांदा चांदमारी केली, तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. पालथं पडायचं, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढायचा, काडतूस सारायचं, श्वास धरून चाप ओढायचा. पाच फैरी झाल्या की उस्ताद टार्गेटवर बोटं पसरून ग्रुपिंग, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडली ते, मोजायचे, आणि मोजून झाल्यावर माझ्याकडे न बघता पुढच्या पोराकडे जायचे. त्यावरून काय ते समजायचं.

वीस वर्षांनी अमेरिकेत, ओहायोत, स्वतःची रायफल घेतली. तीही पॉइंट टू-टूच, पण सेमी-ऑटोमॅटिक. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत घेणं हे काम रायफल स्वतः करते. जे काम आधी माझा हात करत होता ते आता स्प्रिंगा करतात, म्हणजे बिघाडाच्या जागाही वाढल्या.

घेण्याआधी ज्याला विचारावं तो दोनपैकी एक वाक्य ऐकवत होता. ‘दोनशे फैरी झाल्या, एकदाही अडकली नाही.’ किंवा ‘पन्नास यार्डांवर नाण्याएवढा ग्रुप देते.’ काडतुसं कुठली होती, मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, कितवं होतं, असे ग्रुप किती मारले आणि त्यातले किती सांगितले नाहीत, हे कळत नाही तोवर या वाक्यांचा उपयोग शून्य. म्हणून आपल्या रायफलीचा अनुभव आपणच कसा घ्यावा आणि कसा लिहून ठेवावा, ते सांगतो. सगळं पॉइंट टू-टूबद्दल आहे, कारण काडतूस स्वस्त, धक्का जवळपास नाही आणि नवशिके बहुतेक इथूनच सुरुवात करतात.

आधी कायद्याचं, थोडक्यात. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून रायफल घ्यायला वय किमान १८ लागतं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. आपल्या लोकांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे : एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद मिळतो. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे. मित्राने ‘धरून बघ’ म्हटलं तरी आधी आपला व्हिसा आठवा.

पहिली पायरी : घरची संध्याकाळ

मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खणात, डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. खोलीत काडतूस एकही नको. मग माहितीपुस्तिका वाचा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढणं काही रायफलींना चालतं, काहींत मात्र फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारी सुई, थेट चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडते. ते त्या पुस्तिकेतच कळतं.

कारखान्यातून आलेल्या रायफलीवर चोपडलेलं तेल गंज न चढावा म्हणून असतं, चालवण्यासाठी नव्हे. नळीतून दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवा, बोल्ट पुसून घ्या आणि जिथे धातूवर धातू घासतो तिथे अगदी पातळ तेल लावा. शिलाई मशीनला घालतो तितकंच. जास्त घातलं की कचरा धरतं, आणि ओहायोच्या थंडीत घट्ट झालं की बोल्ट सुस्तावतो.

आता स्क्रू. दस्त्याचा, दुर्बिणीच्या पकडीचे, सगळे पुस्तिकेत दिलेल्या मापाने घट्ट करा आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. स्क्रू सरकला की रेघ तुटलेली दिसते. ‘हिचा नेमच फिरतो’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ एका ढिल्या स्क्रूत सापडतं. तीच बाटली हातात असताना मॅगझिनांवर १, २, ३ असे आकडे घाला. किमान दोन मॅगझिनं हवीतच. ती का, ते पुढे कळेल.

दुसरी पायरी : काडतुसं

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, आणि पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक टू-टू रायफलींत बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यानेच तो बंद राहतो, आणि गोळी सुटताना पुंगळीवर आलेल्या दाबाने मागे ढकलला जातो. त्यामुळे काडतुसात जोर कमी असला तर बोल्ट अर्ध्या वाटेवरून परत येतो. नेमबाजीची महागडी, संथ काडतुसं, सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास जाणारी, कित्येक रायफलींत अडकतात ती यामुळे. त्यात रायफलीचा दोष असेलच असं नाही.

म्हणून भरवशाच्या परीक्षेसाठी वेगवान, म्हणजे सेकंदाला ३७० मीटरच्या वर जाणारी काडतुसं घ्या. ३०० हवीत, एकाच कंपनीची, डब्यावरचा लॉट क्रमांकही एकच, म्हणजे एकाच खेपेला बनलेली. नेमाच्या परीक्षेसाठी वेगळ्या चार-पाच प्रकारांच्या पन्नास-पन्नासच्या डब्या घ्या, त्यात दोन संथ असू द्या.

तिसरी पायरी : फक्त भरवसा

या दिवशी टार्गेटकडे बघायचंच नाही. मातीचा बांध २५ यार्डांवर, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, आणि शेजारी वही. दहा-दहा काडतुसं भरा आणि मॅगझिनं आलटून पालटून लावा. काडतुसं एकावर एक रचलेल्या साध्या मॅगझिनात वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे, नाहीतर दोन्ही एकमेकांत गुंततात. १९६४ साली आलेल्या रूगर टेन-ट्वेंटीटूचं नाव झालं त्यात तिच्या फिरकीच्या मॅगझिनाचा मोठा वाटा आहे. तिथे प्रत्येक काडतुसाला स्वतःचा खण असतो, त्यामुळे कडेत कड अडकायचा प्रश्नच मिटतो.

वहीत ‘अडकली’ एवढंच लिहू नका. मॅगझिन कितवं, त्यातली फैर कितवी, आणि नेमकं काय झालं ते लिहा. प्रकार चारच.

काडतूस आत गेलंच नाही : हे बहुधा मॅगझिनचं काम. निघालेलं काडतूस हातात घेऊन बघा, शिशाचं नाक एका बाजूने चेपलेलं असतं, फरशीवर पडलेल्या खडूसारखं.

गेलं, पण उडालं नाही : नळी बांधाकडे तशीच धरून ३० सेकंद थांबा, उशिरा पेटणारी काडतुसं असतात. मग काढून कडेवरची पिनची खूण बघा. खूण खोल आणि स्पष्ट असेल तर काडतूसच फुसकं. कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून टू-टूमध्ये असं अधूनमधून होतंच. पण खूण पुसट असेल, आणि वेगवेगळ्या काडतुसांवर पुसटच असेल, तर संशय रायफलीवर. कधी चेंबरमध्ये मळ साचल्याने काडतूस पुरतं बसत नाही, कधी स्प्रिंग किंवा पिन कमजोर असते.

पुंगळी आतच राहिली : आधी चेंबर साफ करा, मग तिला ओढून काढणारा बोल्टवरचा हुकासारखा आकडा तपासा.

पुंगळी निघाली, पण बोल्टमध्ये उभी चिमटली गेली, चुलीच्या धुराड्यासारखी : काडतुसात जोर कमी, किंवा बोल्टवर तेल आणि काजळीचा चिखल.

या चारांपलीकडची एक गोष्ट मात्र नोंदवून सोडून देण्यासारखी नाही. ‘ठो’ऐवजी ‘फुस्स’ असा आवाज आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फाटते. रायफल रिकामी करा, नळीतून सळई आरपार जाते का ते बघा, मगच पुढे.

माझं सांगतो. पहिल्या दोनशे फैरींत माझी रायफल चौदा वेळा अडली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण शेवटी दोष निघाला तो त्या नावाला बट्टा लावण्याएवढा नव्हता. त्या संध्याकाळी मी दुकानदाराला परत करतो असा फोनही लावणार होतो. जेवण झाल्यावर वही उघडली तर चौदापैकी बारा नोंदी दोन नंबरच्या मॅगझिनच्या, आणि बाराही ‘आत गेलं नाही’ याच प्रकारच्या. दिव्याखाली धरलं तेव्हा त्याच्या तोंडावरचा, काडतूस धरून ठेवणारा एक ओठ दुसऱ्यापेक्षा केसभर जास्त वाकलेला दिसला. मॅगझिन बदललं. पुढच्या ३०० फैरींत दोन अडथळे, दोन्ही फुसकी काडतुसं. नंबर घातले नसते तर मी एक चांगली रायफल परत करून आलो असतो आणि गावभर तिची बदनामी केली असती.

आता ‘दोनशे फैरी, एकही अडथळा नाही’ या वाक्याची किंमत बघू. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे : जितक्या फैरी विनाअडथळा गेल्या, त्या संख्येने ३ ला भागा. शंभर फैरी निर्विघ्न गेल्या तरी खरं प्रमाण शंभरात तीन अडथळ्यांपर्यंत असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं. ३०० गेल्या तर शंभरात एक. मी तीनशे काडतुसं घ्यायला सांगितली ती याच हिशोबाने. एक मॅगझिन झाडून ‘झकास चालते’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

चौथी पायरी : नेम

हे दुसऱ्या दिवशी, वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा या हलक्या गोळीला ५० यार्डांत इंचभर तरी सरकवतो. टार्गेटजवळच्या काठीला रिबिनीचा तुकडा बांधा आणि तो लोंबता असेल तेव्हाच चाप ओढा.

टेबलावर रायफल पुढून आणि मागून टेकवायची. पुढे पिशवी हवी, नळीला मात्र कशाचाही स्पर्श नको. दुकानातली वाळूची पिशवी महाग वाटली तर बासमतीच्या रिकाम्या कापडी पिशवीत वाळू भरा. इथल्या प्रत्येक मराठी घरात तशा चार तरी पडलेल्या असतात, फेकवत नाहीत आणि वापरल्याही जात नाहीत.

काडतुसाचा प्रकार बदलला की पहिल्या दहा फैरी हिशोबात धरू नका. आधीच्या काडतुसाचं मेण आणि शिसं नळीत असतं, नव्याचा थर बसायला थोड्या फैरी जातात. मग पाच फैरींचा एक असे पाच ग्रुप, प्रत्येक प्रकाराचे. ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून गोळीची जाडी, ५.६ मिलिमीटर, वजा करा. पाचांची सरासरी काढा. ‘ही एक गोळी माझ्या हातून गेली’ म्हणून लांबचं भोक वगळायचा मोह प्रत्येकाला होतो. चाप ओढतानाच तोंडाने बोलला असाल तर ठीक, भोक बघून आठवलं असेल तर ते मोजायचं.

तीन फैरींचे ग्रुप दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. रायफल तीच, काडतूस तेच, तरी तीन फैरींचा सरासरी ग्रुप १० मिलिमीटर येत असेल तर पाचांचा साधारण १३ आणि दहांचा १६ येतो. रायफल बिघडलेली नसते. जितक्या जास्त फैरी, तितकी एखादी लांब जायची संधी जास्त, एवढंच.

आकड्यांचं माप असं : मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) हे जे सगळे बोलतात, ते ५० यार्डांवर १३ मिलिमीटर होतं. साध्या कारखानी सेमी-ऑटोमॅटिकने तिला मानवणाऱ्या काडतुसावर पाच फैरींची सरासरी २५ मिलिमीटरच्या आत दिली तर मी समाधानी. मानवणारं काडतूस मात्र शोधावंच लागतं. माझ्या रायफलीत सगळ्यात महाग डबीने ३१ दिले आणि मधल्या भावाच्या एका संथ काडतुसाने १९. शेजारच्या टेबलावर तोच मॉडेल असलेल्या काकांच्या रायफलीत हेच उलटं होतं.

ग्रुप घट्ट आहे पण मध्यावर नाही, तर रायफलीला काही झालेलं नाही. दुर्बिणीचे किंवा माशीचे स्क्रू फिरवा. ग्रुपच विस्कटलेला आहे, तर आधी नेलपॉलिशच्या रेघा बघा, मग काडतूस बदला, मग दुसऱ्या कुणा चांगल्या नेमबाजाला तीच रायफल झाडायला द्या, शेवटी दुर्बीण बदलून बघा. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेम सुधारला तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही. माझ्या बाबतीत मित्राने मारलेला ग्रुप माझ्यापेक्षा सहा मिलिमीटरने लहान आला, आणि मला उस्तादांची ती मान फिरवण्याची पद्धत आठवली.

नळी रोज घासू नका. टू-टूची नळी साफ केल्यावर नेम काही फैरी भरकटतो आणि मग जागेवर येतो. चेंबर आणि बोल्ट मात्र दर वेळी पुसा. ज्यांची मागची बाजू बंद असते त्यांची नळी दोरीला बांधलेल्या ब्रशने चेंबरकडून तोंडाकडे ओढून साफ करा. तोंडाकडून सळई खुपसताना तिथल्या कडेला चरा पडला तर नेम कायमचा जातो. आणि घरी निघण्याआधी हात साबणाने, थंड पाण्याने धुवा. शिशाचे हात डब्यातल्या पोळीला लावायचे नाहीत.

इतकं करूनही दोष रायफलीतच निघाला तर कंपनीला लिहा. ‘नीट चालत नाही’ असं नको. काडतुसाचं नाव आणि लॉट, एकूण फैरी, कुठल्या मॅगझिनमध्ये कुठल्या प्रकारचे किती अडथळे, आणि पाच ग्रुपांची मापं. पुसट खुणांच्या काडतुसांचे जवळून काढलेले फोटो जोडा. खोक्यात रायफल, सगळी मॅगझिनं, टार्गेटचा कागद आणि वहीच्या पानांची प्रत घाला. काडतूस मात्र एकही नको, आणि खोकं बंद करण्याआधी चेंबरमध्ये पुन्हा एकदा करंगळी घाला.