हिस्टामिन इन्टॉलरन्स: लांबलचक याद्यांपेक्षा ताजं खाणं आणि नीट नोंदी

जेवण झालं की थोड्या वेळात चेहरा लालेलाल, नाक चोंदतं, डोकं ठणकायला लागतं, कधी अंगावर गांध्या उठतात, कधी पोट फुगून जुलाब, आणि ॲलर्जीच्या टेस्ट सगळ्या निगेटिव्ह. त्यात परवा तेच खाल्लं होतं तेव्हा काहीच झालं नव्हतं, मग घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. हे ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

हिस्टामिन हे एक रसायन आहे, ते काही विष नाहीये, शरीर ते स्वतः बनवतं, पोटात ॲसिड तयार व्हायला आणि मेंदूला जागं राहायला ते लागतंच. पण ते खाण्यातूनही येतं, आणि ते मोडायचं मुख्य काम लहान आतड्याच्या अस्तरात असलेलं डीएओ नावाचं एन्झाइम करतं. हे एन्झाइम कमी पडलं की खाण्यातलं हिस्टामिन रक्तात जातं आणि त्रास सुरू होतो, यालाच हिस्टामिन इन्टॉलरन्स म्हणतात. मोरी थोडी तुंबलेली असली तरी एक तांब्या पाणी निघून जातं, बादली ओतली की तुंबतं, तसंच हे. म्हणून एकच पदार्थ एक दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत वाइन आणि चीज असलं की चालत नाही. खऱ्या ॲलर्जीत कणभरसुद्धा पुरतो, इथे प्रश्न एकूण किती गेलं याचा असतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते, कारण लोक काय खाऊ नये याच्या याद्या पाठ करतात आणि नेमकं हेच विसरतात. हिस्टामिन बरेचदा पदार्थात आधीपासून नसतंच, ते नंतर तयार होतं. मासे आणि मटणात हिस्टिडिन नावाचं अमिनो ॲसिड असतं, बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात. ताजा मासा लगेच शिजवून खाल्ला तर बहुतेकांना चालतो, तोच शिजवलेला मासा तासभर ओट्यावर राहिला, मग फ्रीजमधे गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी गरम करून खाल्ला तर त्रास होऊ शकतो. वास येत नाही, चवही बदललेली नसते. आणि कितीही उकळा, एकदा तयार झालेलं हिस्टामिन उष्णतेने जात नाही. फ्रीझरमधे टाकल्याने आणखी तयार होणं जवळपास थांबतं पण आधीचं तसंच राहतं. तेव्हा उरलेलं ठेवायचंच असेल तर शिजल्यावर लवकर गार करून सरळ फ्रीझरमधे टाका, आणि बाहेर काढलं की लगेच गरम करून खा. नुसती एवढी सवय लावून बघा, बऱ्याच जणांना इथेच फरक कळतो.

जुनं मुरलेलं चीज, आंबवलेले पदार्थ, डबाबंद मासे, सॉसेज-सलामी, सोया सॉस, वाइन आणि बिअर यात हिस्टामिन जास्त असतं. टोमॅटो, पालक, वांगं यांचाही काहींना त्रास होतो. दारू तर दोन्हीकडून मारते, तिच्यात हिस्टामिनही असतं आणि ती डीएओचं कामही अडवते. स्ट्रॉबेरी, लिंबू-संत्री, चॉकलेट याही याद्यांमधे असतात पण त्याचे पुरावे कच्चे आहेत, तुम्हाला त्रास होत नसेल तर उगाच सोडू नका.

डाएट सुरू करायच्या आधी मात्र डॉक्टरकडे जाच. सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार), खरी फूड ॲलर्जी, मॅस्टोसायटोसिस (हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशी अंगात जास्त वाढतात तो आजार) यांची लक्षणं अगदी अशीच दिसू शकतात, आणि सिलिॲकची टेस्ट गहू बंद केल्यावर केली तर चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातलं डीएओ मोजून मिळतं पण त्या एका आकड्यावर निदान होत नाही, त्यावर पैसे घालवायच्या आधी विचारून घ्या. घसा किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर येऊन कोसळायला झालं तर हे इन्टॉलरन्स धरून घरी बसायचं नाही, ती इमर्जन्सी आहे.

चालू औषधांची चिठ्ठीही सोबत न्या. बीपीचं व्हेरापामिल, काही अँटिबायोटिकमधलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड अशी काही औषधं लॅबमधे डीएओला दाबताना दिसलीयेत. स्वतःहून काही बंद करू नका, फक्त विचारा.

मग दोन आठवडे जास्त हिस्टामिनवालं सगळं कमी करा आणि रोज लिहा. "भात खाल्ला, त्रास झाला" असं लिहून उपयोग नाही. लिहायचं असं: दुपारी एक वाजता चिकन, सकाळी शिजवलेलं, दीड तास बाहेर होतं, दोन वाजता कान गरम, डोकं उजवीकडून दुखतंय, रात्री झोप कमी झालेली, पाळीचा दुसरा दिवस. वेळ, ताजेपणा, झोप, पाळी हे सगळं लिहिलं तरच पॅटर्न सापडतो.

दोन आठवड्यांत काहीच फरक नाही? मग बहुतेक कारण दुसरं आहे, डाएट अजून कडक करत बसू नका. फरक पडला तर पुढचे पाच-सहा आठवडे एकेक पदार्थ परत आणायचा, आधी थोडा, मग नेहमीएवढा, आणि मधे दोन-तीन दिवस सोडायचे. हा टप्पा लोक भीतीने टाळतात आणि वर्षानुवर्षं पाच पदार्थांवर जगतात, वजन उतरतं, जेवणाचीच धास्ती बसते. कृपा करून टाळू नका, शक्य असेल तर डाएटिशियन सोबत घ्या.

डीएओच्या कॅप्सूल मिळतात, जेवणाच्या जरा आधी घ्यायच्या, काहींना बाहेर जेवताना उपयोग होतो पण अभ्यास लहान आहेत. अँटिहिस्टामिन गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने घेता येते, फक्त नोंदींच्या दोन आठवड्यांत अधूनमधून घेतली तर काय कशाने झालं ते कळत नाही. आणि आतड्याच्या एखाद्या आजारामुळे डीएओ कमी झालेलं असेल तर अस्तर भरून आल्यावर ते वाढू शकतं, म्हणून आज न झेपलेले पदार्थ काही महिन्यांनी परत थोडेसे खाऊन बघा.